आधी आमची मालिका बंद

“मोबाइल ठेव” म्हटलं की नातू विचारतो, “मग आजी, खेळू कुठे?” प्रश्न रास्त आहे. आम्ही वाघोलीत, केसनंद रस्त्यालगत नवव्या मजल्यावर राहतो. खाली गाड्यांची दाटी, बागेत ‘चेंडू खेळू नये’ अशी पाटी, फाटकाबाहेर डंपर आणि पाण्याचे टँकर. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, पण पोराला एकट्याने चालत जाता येईल असं मैदान आमच्या जवळपास अजून नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळीच वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत घरोघर टीव्ही-मोबाइल बंद. मला पटलं ते एवढंच, की नियम फक्त पोरांना नव्हता. सासूबाईंची मालिका बंद, तसंच बापाचं व्हॉट्सॲपही बंद. आमच्याकडे मात्र पोराच्या हातून फोन हिसकावून बाप त्यावरच क्रिकेट बघत बसतो!

वडगावची ती वेळ अभ्यासाची होती. आपल्याला खेळाची हवी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. लंगडीला तर चेंडूही लागत नाही.

सोसायटीच्या कमिटीला माझी विनंती आहे: ती पाटी काढा, आणि संध्याकाळी सहा ते साडेसात पार्किंगची मागची गल्ली गाड्यांना बंद करा. वॉचमनची शिट्टी भोंग्याचं काम करेल.