गर्जना ठेवली, कारण कापले

'गॉडझिला' हे नाव आपल्या घरांत कोणाला ठाऊक नाही? पोरांच्या खेळण्यांत तो आहे, त्यांच्या बनियनांवर तो आहे, हिंदी-तेलुगूत डब होऊन टीव्हीवरही येऊन गेला आहे. समुद्रातून उठणारे डोंगराएवढे जनावर, त्याच्या पायाखाली चिरडणारी आगगाडी आणि सैरावैरा पळणारी माणसे. पाहायचे, हसायचे, विसरायचे. मोठ्यांनी त्याच्याकडे कधी गंभीरपणे पाहिलेच नाही. म्हणून या दिवाळीत विनंती मोठ्यांनाच आहे. इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेला १९५४ सालचा मूळ जपानी 'गोजिरा' नव्या नजरेने पुन्हा पाहा, आणि मग हा पोरखेळ आहे का ते सांगा.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ माणसे होती. त्यांतला बिनतारी यंत्र सांभाळणारा कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावला. त्यानंतर सहा आठवडेही उलटले नव्हते तोच, ३ नोव्हेंबरला, हा चित्रपट पडद्यावर आला. त्याची सुरुवातच समुद्रात डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाने आणि पेटणाऱ्या बोटीने होते. जपानी प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढे पाहा. आगगाडीत बसलेली एक बाई विषारी झालेल्या ट्यूना माशाविषयी बोलते, नागासाकीतून आपण कशाबशा वाचलो ते आठवते. संसदेत एक सभासद म्हणतो की खरे कारण जाहीर करू नका, परराष्ट्र संबंध बिघडतील. त्यावर स्त्रिया उठून त्याला धारेवर धरतात. रुग्णालयात एका लहान मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरतात आणि डॉक्टर मुकाट मान हलवतो. शेवटी जनावर मरते, पण म्हातारे प्राध्यापक यामाने आनंद करीत नाहीत. हा शेवटचा होता असे त्यांना वाटत नाही. चाचण्या चालूच राहिल्या तर असाच दुसरा कोठेतरी उभा राहील, अशी भीती ते बोलून दाखवतात. हा राक्षसपट नाही. हा सुतकातला चित्रपट आहे.

आता त्याचे काय केले ते ऐका. १९५६ साली तो अमेरिकेत लागला, पण ९६ मिनिटांचा ८० मिनिटांचा होऊन. कथेत एक अमेरिकन वार्ताहर नव्याने घुसवला. जपानचे दुःख आता त्याच्या डोळ्यांनी दिसू लागले आणि त्याच्या तोंडून ऐकू येऊ लागले. आगगाडीतली नागासाकी गेली. संसदेतले भांडण गेले. यामानेंचा शेवटचा इशारा गेला आणि त्या जागी सुटकेचा नि:श्वास आला. हायड्रोजन बॉम्बचे नाव ओझरते राहिले, तो टाकला कोणी हे मात्र विचारायचे नाही. जनावर पुरते ठेवले, त्याची गर्जना ठेवली. कारण तेवढे कापले.

पुढची पायरी तर याहून बेरकी आहे. १९९८ च्या हॉलिवूडच्या गॉडझिलात दोष फ्रेंचांच्या अणुचाचण्यांवर ढकलला. २०१४ च्या गॉडझिलात १९५४ चा तो बॉम्ब म्हणजे जनावराला मारण्याचा प्रयत्न होता असेच सांगून टाकले. जे दुखण्याचे मूळ, तेच औषध ठरले! हे अनवधानाने घडले असेल तर अनवधान फारच सोयीचे म्हटले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, अहो, करमणुकीच्या चित्रपटाकडून इतिहास कसला मागता? पण मूळ 'गोजिरा' ही काय प्रबंध होता? रबरी कातडे पांघरलेला एक माणूस खेळण्यातले तोक्यो तुडवीत होता. तीही करमणूकच होती, तीही तिकीट लावून दाखवली होती. तरी तिच्यात कारण मावले. म्हणजे करमणूक ही सबब नाही.

जपानचे गाऱ्हाणे आदिलाबादेत कशाला, असेही कोणी विचारील. वाचकहो, आपल्या जुन्या, अखंड जिल्ह्यातल्या जोडेघाटला दरवर्षी आश्विन पौर्णिमेला, दिवाळीच्या अवघे पंधरा दिवस आधी, ज्याचे स्मरण होते त्या कुमराम भीमाचे २०२२ साली काय झाले, ते आठवा. 'आरआरआर' मध्ये तो रानटी जनावरे घेऊन वैऱ्यावर तुटून पडतो, डरकाळी फोडतो. थिएटरांत शिट्ट्या वाजल्या. पण त्याचा वैरी कोण? दिल्लीचा इंग्रज गव्हर्नर. खरा भीम १९४० साली निझामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला, आणि त्याचे भांडण जंगलखात्याच्या जाचाशी होते, हातची चाललेल्या जमिनीशी होते. चित्रपटात निझामाचा एक माणूस येतो, तो केवळ इशारा देण्यापुरता. पाटील, पटवारी, सावकार यांचा तर पत्ताच नाही.

शेवटी हा भीम आपल्या मित्राकडे विद्या मागतो, आणि जल, जंगल, जमीन ही त्याचीच म्हणून ओळखली जाणारी घोषणा मित्र त्याच्या झेंड्यावर लिहून देतो. भीमाची चरित्रे सांगतात की त्याने अक्षरे गिरवली ती चांद्याला, विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याकडे. म्हणजे मराठी मुलखात! आपल्या अभिमानाची ही एवढी जागा पडद्यावरून पुसली गेली आणि आपण टाळ्या पिटल्या.

कल्पित कथा आहे असे चित्रपट स्वतःच सांगतो, हे मान्य. पण त्या टाळ्यांत आपली सोय नव्हती का? गोंडांची जमीन ज्यांच्याकडे गेली त्यांत तेलुगू होते, मुसलमान होते आणि मराठीही होते. खलनायक इंग्रज केला की हे तिघेही प्रेक्षकांत निर्धास्त बसू शकतात. अमेरिकन प्रेक्षकाला वार्ताहराने जसे मोकळे केले, तसेच आपल्याला त्या गव्हर्नराने केले.

यामानेंचा इशारा मग येथेही खरा ठरतो. येथे राक्षस म्हणजे बंड करणारा नव्हे, त्याला बंडाला लावणारे कारण. ते कापल्याने मरत नाही. जोडेघाटनंतर ४१ वर्षांनी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक तो कितीतरी अधिक सांगतात. त्या इंद्रवेल्लीच्या बाजारात आपण आजही जातो.

आपण दुभाषी माणसे आहोत. १९५६ साली राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून घरात एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलत आलो. एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते आणि काय मुद्दाम गाळले जाते, हे आपल्याहून चांगले कोणाला कळावे? ज्याला कळते त्याने गप्प बसणे ही लबाडी आहे.

तेव्हा फराळाचे ताट पुढे घेऊन पोरांना 'गोजिरा' जरूर दाखवा. मूळ जपानी, पूर्ण ९६ मिनिटे. मग त्यांना घेऊन जोडेघाटला जा. आणि त्यांनी विचारले की हे सारे का झाले, तर इंग्रजाकडे बोट दाखवू नका. आधी आपल्या शेताची जुनी पहाणी काढा आणि त्यावर पूर्वी कोणाचे नाव होते, ते त्यांना वाचू द्या.