पूर ओसरल्यावर कपाटांचे काय?

पुराचे पाणी ओसरले, फरशी धुतली, गाद्या उन्हात घातल्या, की प्रश्न उरतो तो स्वयंपाकघरातील खालच्या कपाटांचा. ३० मार्च २०१३ रोजी, आणि पुन्हा १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळात, पोर्ट लुईच्या रस्त्यांच्या नद्या झाल्या. १९६० च्या कॅरोल वादळानंतर आपल्या बेटाने लाकूड-पत्र्याची घरे सोडून काँक्रीटची बांधली. घरे भक्कम झाली; घरातले लाकूड मात्र कच्चे झाले, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू, बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदात दाबून बसवलेले. पाणी शिरले की दाबलेला चुरा फुगतो, गोंद सुटू लागतो. वाळल्यावरही फळी मूळ जाडीवर येत नाही, आणि स्क्रू धरत नाही. अशी फुगलेली फळी वाळवून, रंगवून पुन्हा लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पाणी गटाराचे असेल तर ती टाकूनच द्यावी.

दुकानात हिरव्या गाभ्याची फळी दाखवून 'हिला पाण्याचे भय नाही' असे सांगतात. हे दमट हवेपुरते ठीक. घोटाभर पाण्यात दोन दिवस उभी राहिली की तिचाही निभाव लागत नाही.

प्लायवुडचे तसे नाही. पातळ पापुद्रे एकमेकांस आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते फार फुगत नाही. त्यातही फीनॉल गोंदाचे, मरीन दर्जाचे घ्यावे. साध्या गोंदाच्या प्लायवुडचे पापुद्रे पाण्यात सुटतात. मात्र चांगले प्लायवुडही भिजल्यावर लगेच रंगवू नये. दारे-खण काढून, वारा लावून सावकाश वाळू द्यावे. ओल आत कोंडली की दोनच दिवसांत बुरशी धरू लागते.

ते महाग पडते हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून सगळे घर प्लायवुडचे करा, असा आमचा आग्रह नाही. वरच्या कपाटांना स्वस्त फळी चालेल. खालची कपाटे, आणि जमिनीलगत असेल तर देवघरसुद्धा (गणपतीची मखर काही वादळाच्या दिवसांत नसते, एवढे बरे!), प्लायवुडची करावीत. कापलेल्या कडांना रंग वा वॉर्निश भरून लावावे, कारण पाणी शिरते ते कडेतूनच. खाली प्लॅस्टिकचे पाय लावावेत.

आणि सुताराकडून माल घेण्यापूर्वी हातभर तुकडा मागून घ्यावा. तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा आणि सकाळी त्याची कड पाहावी.