चेक करण्याआधी बेट कोण लावणार ते पाहा

तीनपत्ती खेळत वाढलेल्या आपल्या लोकांना पोकरमधला ‘चेक’ सुरुवातीला नवाच वाटतो. तिथे पाळी आली की चाल द्या, नाहीतर पॅक व्हा. लिमिट होल्डेममध्ये मात्र पैसे न लावता पाळी पुढे देता येते, आणि मागून कुणी बेट लावली की त्यावर रेझही (म्हणजे चेक-रेझ) करता येतं. मग चांगली पानं आली की दबा धरून बसायचा मोह होतो. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करण्याआधी दोन गोष्टी बघा. बेट नक्की कोण लावणार, आणि तो बसलाय कुठे?

१०-२० डॉलरचं टेबल घ्या. फ्लॉपपर्यंत (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं) बेट १०ची, टर्न आणि रिव्हरला (चौथं आणि पाचवं पान) २०ची. आकडा बांधलेला असल्यामुळे सगळा ढीग पुढे सारून कुणाला हुसकावता येत नाही. तुम्ही स्मॉल ब्लाइंड, म्हणजे फ्लॉपला पहिली पाळी तुमची, हातात किलवरचे एक्का-गुलाम. शेवटची पाळी असलेल्या बटणवाल्यानं आधीच रेझ केलंय, पाच जण डावात, पॉट १००. फ्लॉपला वेगवेगळ्या रंगांची गुलाम, अठ्ठी, चौकी पडली. मधल्या एकाकडे सत्ती-छक्की आहे, त्याला पंजीच हवी. त्यानं न पाहिलेल्या ४७ पानांत पंज्या चार, म्हणजे पावणेअकरास एक. तुम्ही १० लावलेत, तर त्याला ११०च्या पॉटसाठी १० द्यायचे आहेत. अकरास एक भाव मिळाला, त्यानं यावंच. पण तुम्ही चेक केलं, बाकीच्यांनीही केलं, बटणवाल्यानं १० लावले आणि तुम्ही २० केले, तर त्याच्यासमोर १३०चा पॉट आणि मोजायचे २०. साडेसहास एक! आता आला तर तोट्यात येईल.

रेझ करणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर उलट करा. स्वतः बेट लावा. त्यानं रेझ केलं की बाकीच्यांवर तोच २०चा बोजा पडतो. तिथे चेक केलंत, तर त्याच्या १०वर सगळे स्वस्तात आत येतात. हातात अठ्ठ्यांची जोडी असून तीन अठ्ठ्या झाल्या असतील, तर मात्र तेच हवं असतं: येऊ द्या सगळ्यांना, मग रेझ करा.

आणि कुणी बेट लावलीच नाही तर? पंजी फुकटात पडते. एक्का-राजा घेऊन आधी रेझ केलेला माणूसही चौघांसमोर काही लागलं नाही की पुष्कळदा गप्प चेक करतो. म्हणून डावात नसाल तेव्हाही टेबल बघत राहा. कोण रेझ केल्यावर फ्लॉपला हमखास बेट लावतो, कोण नुसता कॉल करत बसतो, ते लक्षात ठेवा. नुसते कॉल करणारेच भोवती असतील, किंवा जराही शंका असेल, तर सरळ बेट लावा.

काही घरगुती टेबलांवर चेक-रेझला बंदी असते. पानं वाटण्याआधी विचारून घ्या. बंदी नसेल तर संकोच करू नका, त्यात लबाडी काही नाही.