सहल, संगीत आणि आम्ही मुली

सहल कोठे न्यावी यावर आमच्या वर्गात यंदा बरीच खडाजंगी झाली. बहुमत पवना धरणाच्या काठच्या तंबूंना मिळाले. एक रात्र मुक्काम, शेकोटी आणि गिटारवाल्यांचे गाणे. ‘लाईव्ह म्युझिक’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी! गाणे ऐकायला जाण्यास माझी मुळीच हरकत नाही. अभ्यासाच्या नावाखाली लेणी धावत दाखविणाऱ्या सहलीपेक्षा ते प्रामाणिक तरी आहे. प्रश्न आहे, जाणार कोण? पैसे आगाऊ भरायचे आणि रात्र बाहेर काढायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मुक्कामाचे नाव काढले तर ती पायरीही बंद व्हायची. माझ्यासारख्या वर्गात बऱ्याच जणी आहेत. त्या मतदानाच्या वेळी गप्प बसल्या, एवढेच.

मी महाळुंगे पडवळची, हुतात्मा बाबू गेनूंच्या गावची. आमच्या भागाला समोर बसून ऐकायचे संगीत नवे नाही. चैत्र-वैशाखात यात्रा आल्या की रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्या. खर्च गावच्या वर्गणीचा. कोणी पाचशे देतो, कोणी पन्नास; बसायला माती सर्वांना सारखीच. पण त्या मातीवर आमच्या घरच्या बायका बसत नाहीत. माझ्या आईने तमाशा कधी पाहिलेला नाही. ऐकला मात्र दरवर्षी, अंथरुणावर पडून. ढोलकीला भिंत अडवीत नाही.

आणि बोर्डावर उभी कोण असते? बाईच! नारायणगावच्या विठाबाईंचा राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झाला. ऐन खेळात बाळंतपण उरकून त्या पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. जिचे एवढे कौतुक, तिच्यासमोर बसायला मात्र बाईला जागा नाही, हे मला पटत नाही.

माझी सूचना साधी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तेथे येऊन तिथी सांगतात, भाव करतात, सुपारी देतात. अनेक यात्रा एकाच तिथीला आल्या की त्या दिवसाचा भाव चढतो. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठा शिकतो, तो तेथे डोळ्यांनी दिसेल. २०२० साली टाळेबंदीत यात्राच बंद झाल्या, तेव्हा या माणसांनी पोट कसे भरले हेही त्यांनाच विचारता येईल. पुढे एखाद्या गावची सकाळची हजेरी गाठावी. दिवसाउजेडी ऐकावे, दिवे लागायच्या आत घरी परतावे.

तमाशा म्हणजे अश्लील, असे काही प्राध्यापक म्हणतील. काही वगांत तसे असतेही. मी नाकारीत नाही. पण मराठीच्या तासाला लावणी शिकविताना कोणी कानांवर हात ठेवीत नाही. पुस्तकातली लावणी चालते, गाणारी बाई चालत नाही, हा कुठला न्याय?

ज्यांना पवनेला जायचे त्यांनी खुशाल जावे. सहल समितीने चैत्रातला एक दिवस आम्हांला द्यावा. एस. टी.चे भाडे आम्ही भरू. सोबत दोन प्राध्यापिका असाव्यात, म्हणजे घरी सांगता येईल. मला आईलाही न्यायचे आहे. समितीच्या नियमांत ते बसते का, तेवढे कळवावे.