हट्टी नाही, घाबरलाय तो

फिरायला नेलेलं कुत्रं मध्येच अडलं की आपण पटकन म्हणतो, ‘मेलं हट्टीच आहे!’ आणि पट्टा ओढतो. मला या ‘हट्टी’ शब्दाचाच राग आहे. माणसांच्या बाबतीत तो किती सढळ हाताने वापरतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कुत्र्याच्या बाबतीत तर तो बहुतेक वेळा साफ चुकीचा असतो.

इंग्लंडमध्ये लेकीकडे चार महिने राहून आले. तिने आणि जावयांनी शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेतलाय. सांगली-सोलापूरकडची कारवानी कुत्री ज्यांनी पाहिली असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर तो लगेच येईल. तसंच निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. वय चार. धावायला लागला तर ताशी साठ किलोमीटरच्या वर. पण घराबाहेर दहा पावलं टाकली की पुतळा! पाय रोवलेले, मान ताठ, शेपूट पोटाशी. तीस किलोचं धूड, उचलणार तरी कसं? शेजारचे आजोबा म्हणाले, ‘ओढा, येईल मुकाट्याने.’ एका रविवारी भर पावसात पाऊण तास त्याच्याबरोबर उभे राहून आलेले जावई म्हणाले, ‘आई, संस्थेला परत देऊन टाकावा का हो?’

परत देण्याआधी त्याची आधीची चार वर्षं बघायला नकोत? ब्रिटनमध्ये ट्रॅकवरच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरला सुरू झाल्या. तिथे धावणारी बरीचशी कुत्री आयर्लंडमध्ये जन्मतात. कानात नंबर गोंदतात. खुराडं, गाडी, ट्रॅक आणि पुन्हा खुराडं, एवढंच त्यांचं जग. जिना, काचेचं दार, व्हॅक्यूम क्लीनर, बाबागाडी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. शिवाय खुराड्यात आजूबाजूला सतत दुसरी कुत्री असतात. अशा जिवाला एकट्याला रस्त्यावर आणलं, समोरून कचऱ्याची गाडी आली, की पळावं की काय करावं हेच त्याला कळत नाही. तो थिजतो. आपल्याला तो अडेलतट्टू वाटतो.

लेकीने आधी डॉक्टरांना दाखवलं, हे मला फार पटलं. ग्रेहाउंडच्या तळपायाला आपल्यासारखंच कुरूप होतं. कडक फुटपाथवर ते ठणकतं, आणि मऊ हिरवळीवर तोच कुत्रा छान चालतो. शर्यतीतली जुनी दुखापतही असू शकते. केस तोकडे, अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीही लवकर वाजते. दुखणं नाही अशी खात्री झाल्यावर मग भीतीकडे वळायचं.

पट्ट्याचं तर विशेषच. याची मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचल्यावर सरळ डोक्यावरून निघतो. भेदरलेला ग्रेहाउंड सुटून वाहत्या रस्त्यावर गेला, तर त्याला गाठणारा माणूस अजून जन्मायचाय! म्हणून ओढलं की थोडासाच आवळणारा रुंद पट्टा, आणि जोडीला छातीला बांधायचा पट्टा.

पहिला आठवडा लेक फाटकाच्या पुढे गेलीच नाही. नंतर रोज तोच रस्ता, तीच पहाटेची शांत वेळ. तो थांबला की तीही थांबायची. दोरी सैल, त्याच्या बाजूला उभी, वाकायचं नाही की डोळ्यात बघायचं नाही. त्याने मान हलवली, जमीन हुंगली की पुढे न खेचता बाजूला अर्धगोल वळायचं. दोन पावलं पडली की पाय मोकळे होतात. खाली उकडलेल्या चिकनचे तुकडे टाकायचे. एरवी अधाशी असलेला कुत्रा तेही खाईना, तर भीती फार वाढलीय असं समजून घरी फिरायचं. शेजारच्या आजोबांची म्हातारी कुत्री बरोबर असली की तो तिच्या मागोमाग बरंच चालायचा. ‘ओढा’ म्हणणारे आजोबाच मग सकाळी तिला घेऊन दारात हजर!

‘अशाने लाडावतो’ असं म्हणणारे तिथेही भेटतात. मला हे पटत नाही. भ्यायलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नसते. ओढल्याने मात्र रस्त्याच्या भीतीत आणखी आपलीही भर पडते.

आपल्याकडे ग्रेहाउंड क्वचितच दिसेल. पण गल्लीत मोकळं वाढलेलं कुत्रं घरात घेऊन पट्टा बांधला, की तेही असंच पोट टेकून बसतं. मग मुलं त्याला फरफटत नेतात आणि आपण ओट्यावरून हसत बघतो. त्या पट्ट्याची आधी घरातच सवय होऊ द्या. गळ्यात नुसता अडकवून ठेवा, जेवताना असू द्या, अंगणात दोरी सैल सोडून हिंडू द्या. मोठा रस्ता महिन्याने दिसला तरी काही बिघडत नाही.

लेकीचा कुत्रा आता पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो. कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी अजूनही थांबतो. त्या दिवशी जावई ऑफिसला जरा उशिरा निघतात.