पथारीवरची पुस्तकं

यवतमाळात कुणाला ‘पुस्तकाचं दुकान कुठं आहे?’ असं विचारा. तो उलट विचारेल, ‘कितवीचं पाहिजे?’ त्याचं काही चुकत नाही. आमच्याकडची दुकानं जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांवर जगतात आणि उरलेले महिने स्पर्धा परीक्षांच्या गाईडांवर. कोपऱ्यात एखादं फडताळ असतं. त्यात ‘मृत्युंजय’, ‘ययाति’ आणि श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणारी चार अनुवादित पुस्तकं. दुकानदाराला भाडं भरायचं आहे, तेव्हा जे खपतं तेच तो ठेवणार. तीनशे प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला वितरकाचं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं कमिशन परवडत नाही आणि वितरकाला तीनशे प्रतींच्या पुस्तकासाठी यवतमाळपर्यंत गठ्ठा पाठवणं परवडत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी पक्का आहे. मधल्या मधे वाचक राहतो.

तरीही माझ्या घरातल्या कपाटातली, ज्यांनी मला खरोखर काही विचार करायला लावला, ती बहुतेक पुस्तकं आणि अंक याच गावात मिळाले. दुकानात नाही, मैदानात.

एप्रिलमध्ये समता मैदानावर समता पर्व भरतं. जुने लोक अजून त्याला पोस्टल ग्राउंडच म्हणतात. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. मंचावर व्याख्यान चालू असतं, आणि कडेला ताडपत्री बांधून पुस्तकवाले बसलेले असतात. दर्शनी भागात बाबासाहेबांची भाषणं, फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘गुलामगिरी’. त्याला लागून तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’, कारण मोझरी आमच्या शेजारीच. मग भीमगीतांच्या चोपड्या. पण माझं लक्ष असतं ते मागच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर. तिथं पाठीला पिन मारलेल्या पातळ पुस्तिका असतात, बंद पडलेल्या त्रैमासिकांचे सुटे अंक असतात, ‘सुगावा’ प्रकाशनाची जुनी पुस्तकं असतात, लेखकानं स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून छापलेला कवितासंग्रह असतो.

एकदा अशाच खोक्यातून एक कादंबरी काढली. मुखपृष्ठ यथातथाच होतं. पुस्तकवाल्यानं माझ्या चेहऱ्यावरची शंका वाचली असावी.

‘घ्या ना भाऊ. हे दुकानात नाई भेटत. लेखकाच्या घरी जा लागते.’

‘घर कुठं आहे?’

‘इथंच, यवतमाळले.’

पुस्तक बाबाराव मडावींचं होतं. यवतमाळात राहणारा लेखक, आदिवासी आयुष्यावर कादंबऱ्या, आत्मकथन लिहिणारा, आणि गावातल्या वाचकाला तो पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडतो. याला दुर्दैव म्हणावं की नाही, मला ठरवता येत नाही. दुकानात मांडलेलं असतं तर मी कदाचित पाहिलंही नसतं.

या पथारीचं मोठं रूप पाहायचं तर अशोक विजयादशमीला नागपूरला जावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथं धम्मदीक्षा झाली, त्या दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जो पुस्तकबाजार भरतो, तसा महाराष्ट्रात दुसरा नाही. (६ डिसेंबरचं दादर वगळून.) त्याला उद्घाटक नसतो, परिसंवाद नसतो, मानधन नसतं. आमच्या जिल्ह्यातून आर्णी, दारव्हा, पुसदकडून भरून गेलेल्या गाड्या परतताना पाहा. लोकांच्या पिशव्यांत बुद्धमूर्ती असते, दिनदर्शिका असते आणि पुस्तकं असतात. स्वतःला अक्षरओळख नसलेली आजी नातीसाठी पुस्तक घेते आणि भाव करताना सोडत नाही. शासनानं काढलेल्या ‘लेखन आणि भाषणे’च्या खंडांसाठी रांग लागते. वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याची भाषणं ज्यांना करायची आहेत, त्यांनी ती करण्याआधी या रांगेत अर्धा तास उभं राहावं.

हा बाजार लोकांनी स्वतः उभा केला, कारण दुसऱ्यांच्या बाजारात जागा नव्हती. बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ पाक्षिक ३१ जानेवारी १९२० ला निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पैसे देऊन जाहिरात छापा म्हटलं तरी ‘केसरी’नं ती घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलं आहे. ‘मूकनायक’ तीनेक वर्षांत बंद पडलं. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आलं, त्याचे रकानेच्या रकाने संपादकालाच एकट्यानं लिहावे लागत, तेही १९२९ ला थांबलं. मग ‘जनता’, मग ‘प्रबुद्ध भारत’. एक बंद पडलं की दुसरं. छापणं ही एक अडचण, आणि छापलेलं वाचकाच्या हातात पडणं ही दुसरी, अधिक चिवट अडचण. शंभर वर्षांनंतर पहिली बरीच सुटली. आता शंभर प्रतीसुद्धा डिजिटल छपाईवर निघतात. दुसरी जिथल्या तिथंच आहे.

मराठीत स्वतंत्र अंकांचा विषय निघाला की लगेच मुंबईतल्या लघुअनियतकालिकांची गोष्ट सुरू होते. ‘शब्द’, ‘असो’, ‘येरू’, ‘फक्त’. चित्रे, कोलटकर, अशोक शहाणे, नेमाडे, राजा ढाले. स्टेन्सिलवर टंकलेले, सायक्लोस्टाइल केलेले अंक, शाई हाताला लागणारी. १९६९ ला ‘सत्यकथा’ची होळी. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. पण त्या होळीची हकिकत आपण जितक्या चवीनं सांगतो, तितक्या चवीनं त्या अंकांत काय छापलं होतं ते कुणी सांगत नाही. आणि यवतमाळच्या वाचकाच्या दृष्टीनं खरी गोष्ट अशी की, ते अंक इथं फारसे पोचलेच नाहीत. मुंबईहून बदलून आलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या ट्रंकेत एखाददुसरा आला असेल, तेवढाच. १९७२ ला ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. १९७३ ला यवतमाळात साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. मुंबईत जे पेटलं होतं त्याची ऊब इथल्या मांडवापर्यंत किती आली, हे मी तेव्हाच्या लोकांना विचारून पाहिलं. त्यांना आठवतं ते माडगूळकरांचं बोलणं आणि जेवणाची पंगत.

आमच्या भागात पोचला तो ‘अस्मितादर्श’. मूळ नागपूरच्या गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत बसून हे त्रैमासिक जवळपास पन्नास वर्षं चालवलं. त्याचा तरणोपाय एकच होता, वर्गणीदार. शिक्षक, बँकेतले कारकून, एसटीतले कर्मचारी. मनीऑर्डर करायची आणि पोस्टमनची वाट पाहायची. लिहिणारेही बहुतेक त्यातलेच, आणि अंक कितीही उशिरा आला तरी पुढची वर्गणी जाई. होळीत नाट्य आहे, पण पन्नास वर्षं वर्गणीच्या पावत्या फाडण्यात जी हिंमत लागते ती मला जास्त मोठी वाटते. नागपूरचाच ‘आजचा सुधारक’ही या जातीतला. दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये तो सुरू केला. विवेकवादाला वाहिलेला, जाहिरातींशिवाय चालणारा, दिसायला अगदी कोरडा, सरकारी परिपत्रकासारखा. पण आत असे वाद चालत की पुढचा अंक येईपर्यंत आमच्याकडं चहाच्या टपरीवर तेच चालू असे.

आदिवासी लेखनाचा रस्ता आणखी वेगळा आहे. भुजंग मेश्राम आपल्या जिल्ह्यातला कवी. ‘उलगुलान’ हा त्याचा संग्रह १९९० चा. बिरसा मुंडाच्या उठावाचं नाव घेतलेला, मराठीत गोंडी आणि इतर बोलींचे शब्द बेधडक आणणारा, आणि त्यांचा अर्थ तळटीपेत द्यायला न बसणारा. मेश्राम २००७ ला गेला. नागपूरच्या मोतीरावण कंगालींनी तर रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी भाषा, धर्म, देवस्थानं यांवर एकामागून एक पुस्तकं लिहिली आणि ती घरच्याच प्रकाशनानं काढली, पत्नी चंद्रलेखा कंगाली यांच्या नावानं. पुस्तकं हिंदीत. सिंधू संस्कृतीच्या मुद्रा गोंडीतून वाचता येतात हा त्यांचा दावा मला काही पटलेला नाही. तज्ज्ञांनीही तो मानलेला नाही. पण पांढरकवडा किंवा झरी-जामणीच्या बाजूला एखाद्या गोंड शिक्षकाच्या घरी जा, भिंतीवर गोंडी दिनदर्शिका असते आणि फळीवर कंगाली असतात. कोणत्याही विद्यापीठानं ते तिथं पोचवले नाहीत. जत्रा, मेळावे, लग्नं, अशा वाटांनी ते गेले. लग्नात पुस्तकांचा स्टॉल लावलेला मी याच जिल्ह्यात पाहिला आहे.

अशा पुस्तकांत सगळंच चांगलं असतं असं सांगणं ही फसवणूक होईल. मुद्रितशोधन नसतं, संदर्भ नसतात, कधी इतिहासाच्या नावावर नुसता राग असतो. संपादक नसणं हे स्वातंत्र्य आहे, तसं ते पुष्कळदा नुकसानही आहे. पण स्वतःच्या समाजाबद्दल स्वतः लिहिण्याची आमच्या गावाची खोड जुनी आहे. पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांनी १९२६ ला यवतमाळातून गोसाव्यांच्या संप्रदायावर पुस्तक काढलं, ते संशोधक आजही शोधत येतात. त्याच्याही आधी, १९१८ ला, लोकनायक बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केलं ते इथंच.

कलेच्या बाबतीत मात्र आम्ही कोरडे. जिल्ह्यात चित्र पाहायला जावं असं दालन नाही, त्यामुळं चित्रकला इथं येते ती छापील कागदावरूनच. सतीश नाईकांच्या ‘चिन्ह’ या कला-नियतकालिकाचा नग्नतेवरचा अंक एका चित्रकला शिक्षकाकडं पाहायला मिळाला. त्यांनी तो वह्यांच्या गठ्ठ्याखाली, कुलपात ठेवला होता. ‘वाचून झालं की लगेच आणून द्या, आणि पेपरमध्ये गुंडाळून,’ ही अट. मुखपृष्ठ ही चीज काय असते ते मला अरुण कोलटकरांनी केलेल्या ‘प्रास’ प्रकाशनाच्या पुस्तकांवरून कळलं. तीही उसनी.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळात पुन्हा साहित्य संमेलन झालं, ब्याण्णवावं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या. विरोध झाला आणि त्यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं. मग कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केलं. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली ही बाई मंचावरून जे बोलली, त्यानं मांडव गप्प झाला होता. सहगल यांचं न झालेलं भाषण मात्र तोवर वर्तमानपत्रांत मराठीत आलं होतं, फोनवर फिरत होतं, झेरॉक्स होऊन कॉलेजांत वाटलं जात होतं. संमेलनांच्या उद्घाटनाचं भाषण एरवी कोण वाचतं? हे मात्र पानपट्टीवर उभं राहून वाचणारे मी पाहिले.

त्या आठवड्यात मला १९३६ सारखं आठवत होतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मसुदा पाहून कचरलं, परिषद बारगळली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. ‘जातिनिर्मूलन’ म्हणून ते आज दीक्षाभूमीच्या प्रत्येक पथारीवर असतं, अनेक प्रकाशकांचं, अनेक भाषांतरांतलं, सगळ्यात स्वस्त प्रत चहा-नाश्त्याच्या पैशांत. सहगल यांचं भाषण त्या तोलाचं आहे असं मी म्हणत नाही. मंच नाकारला की मजकूर कुठल्या वाटेनं जातो, तेवढंच म्हणतोय.

त्या वाटेचा एक तुकडा अलीकडं तुटला, त्याची फार चर्चा झाली नाही. टपाल खात्याची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, पण जाहिराती असलेले अंक त्यात चालत नाहीत. आणि छोट्या अंकाच्या मलपृष्ठावर पतसंस्थेची एक तरी जाहिरात असतेच, त्यावर तर कागदाचा खर्च निघतो. कुरियरनं पाठवावं तर अंकाच्या किमतीइतकाच खर्च येतो. माझ्याकडं येणाऱ्या एका त्रैमासिकाच्या संपादकानं आता यवतमाळच्या सगळ्या वर्गणीदारांचा एकच गठ्ठा एसटीच्या पार्सलनं माझ्या नावावर टाकायला सुरुवात केली आहे. वाटायचं काम माझं. वाटता वाटता चार नवे वर्गणीदार मिळाले, त्यातल्या एकानं वर्गणी अजून दिलेली नाही.

तर या एप्रिलमध्ये समता मैदानावर जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा. दुपारी पुस्तकवाले ताडपत्री ओढून झोपतात आणि उठवलं तर भाव कमी करत नाहीत. सुटे पैसे सोबत ठेवा. पुढची रांग सोडून मागची खोकी मागा.