ढ कोण? पोर की शाळा?



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर उभी राहिली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, धागा ताणतो आणि वर्षभराच्या घामाची प्रत ठरते. तरी तिथं निदान लांबी, ओल, कवडी अशा चार गोष्टी पाहण्याची रीत आहे. शाळेत तेवढीही नाही. तिथं एकच माप: किती पाठ झालं आणि तीन तासांत किती उतरवलं. त्या मापात बसलं ते हुशार, न बसलं ते ढ.

कपाशीच्या रानात मिटलेली, गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दहा वर्षांची पोर चालता चालता दाखवते. आत गुलाबी बोंडअळी आहे हे तिला ठाऊक असतं. परीक्षेत तिला विचारतात कापसाचं शास्त्रीय नाव. मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे पोरगा सांगतो. त्याला विचारतात मातीची व्याख्या. आमच्यातल्या काहींनी कृषीची पदवी घेतली. खोडमाशीचं जीवनचक्र आम्ही कॉलेजात वहीत उतरवलं. पोंगा सुकलेलं ज्वारीचं रोप ओळखायला शिकवलं ते निंदणाऱ्या बायांनी. ही बुद्धी नव्हे तर काय?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली पुस्तक लिहून सांगितलं की बुद्धी एक नाही, सात आहेत: भाषेची, गणिताची, आकाराची, सुरांची, शरीराची, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढं त्यांनी निसर्ग ओळखण्याची आठवी जोडली. त्यांच्याच शास्त्रातल्या अनेकांना हे मान्य नाही. तो वाद विद्वानांनी घालावा. आमचं म्हणणं साधं आहे: मूल ज्या वाटेनं शिकतं, त्या वाटेनं शिकवा.

ही मागणी आजची नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी सांगितलं की गावच्या शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, प्रत्यक्ष शिकवायला लहानसं नमुना शेत जोडा. पैसा रयतेच्या कष्टाचा आणि शिक्षण वरच्या वर्गाला, हेही त्यांनी सुनावलं. १४० वर्षं उलटली. नमुना शेत किती शाळांना आहे, ते आपापल्या गावात पाहा.

पण इथंच सावध राहा. काही भली माणसं म्हणतात, "खेड्यातल्या पोरांची बुद्धी हातात असते, त्यांना हातकाम शिकवा." म्हणजे डोकं शहराचं आणि हात आमचे! १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी असंच केलं. अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळी बापाचा धंदा. लोक खवळले आणि १९५४ साली ती योजना मागं घ्यावी लागली. बरं झालं.

आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पुण्याला गेलेल्यांना वाटेवरची विश्रांतवाडी ठाऊक आहे. एके काळची वाडी, आता शहर. पुण्याच्या अशा वस्त्यांत आमची कोरडवाहू पोरं गवंड्याच्या हाताखाली राबतात. ओळंबा धरून भिंत उभी करणाऱ्याला काटकोन कळतोच. पण तो भूमितीत नापास, म्हणून नकाशा दुसऱ्याच्या हाती. आणि नकाशा ज्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती. आम्हाला ओळंबाही हवा आणि नकाशाही.

हे होऊ शकतं. त्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणी गाव आहे. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरंही तिथं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती आणि जनावरं सांभाळणं शिकतात. शाळांसाठी त्यांनी आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम बांधला: आठवड्यातला एक दिवस हातानं काम. टाकी बांधायची तर घनफळ काढावंच लागतं, सिमेंटचा हिशेब लिहावाच लागतो. हात चालतो म्हणून डोकं चालतं. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या साह्यानं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब याच पाबळात आली. कलबाग २००३ साली गेले, काम चालू आहे.

सरकार काय देतं? २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं सहावी ते आठवीला दप्तराविना १० दिवस सांगितले. १० दिवसांत ज्वारी गुडघ्याला तरी लागते काय?

म्हणून जिल्हा बैठकीपुढं या मागण्या ठेवत आहोत:

१. माध्यमिक शाळेत आठवड्याचा एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष कामाचा असावा आणि त्याचे गुण निकालात धरावेत.

२. दर शाळेत पर्जन्यमापक आणि कामगंध सापळे असावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले की बोंडअळीसाठी उपाय करायची वेळ झाली. ही नोंद पोरांनी ठेवावी. सरासरी आणि आलेख त्यावरूनच शिकवावेत.

३. हेच शहरातल्या शाळांनाही लागू करावं. त्यांच्या पोरांनाही मातीत हात घालू द्या. फक्त आमच्यासाठी असेल तर नको.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात असं सांगितलं आहे. म्हणजे तुम्हीच आहात तिथं. सही करून चहा पिऊन परत येऊ नका. पुढच्या सभेत हे तीन मुद्दे मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल जिल्हा बैठकीला आणा.